काका गाडीत बसायला तयार नव्हते : एका चॅरिटी राईडचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जानेवारी २०२३ चं. माणसांची नावं आणि संस्थेची ओळख काढून टाकलीय, बाकी जे झालं तसंच लिहितोय. मी रायडर नव्हतो, सपोर्ट गाडीत होतो. म्हणजे बाटल्या भरणं, केळी-चिक्की वाटणं, बॅगा चढवणं-उतरवणं आणि रात्री हॉटेलवाल्याशी गरम पाण्यावरून हुज्जत घालणं हे सगळं माझ्याकडे. त्यामुळे हे सगळं गाडीच्या खिडकीतून दिसलेलं आहे, एखाद्या रायडरला विचारलंत तर तो कदाचित वेगळं सांगेल.

सायकल राईड पुणे ते गोवा, पण हायवेने नाही, किनाऱ्याकिनाऱ्याने. ताम्हिणीतून उतरून माणगाव, दिवेआगर, मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दापोलीकडचा मुरूड-कर्दे पट्टा, गुहागर, गणपतीपुळे, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि शेवटी पणजी. सहा दिवस, साधारण साडेसहाशे किलोमीटर. १४ रायडर, त्यात ३ बायका, वयं २४ पासून ५८ पर्यंत. गाडी एकच, बोलेरो कॅम्पर, पुढे पाच माणसं बसतात आणि मागे उघडा हौदा. गाडीत आम्ही चौघं, ड्रायव्हर मामा, सायकल दुरुस्त करणारा एक पोरगा, खाण्यापिण्याचं बघणाऱ्या ताई आणि मी.

पैसे कशासाठी, तर एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे, तिथे डायलिसिस सुरू करायचं होतं. तिथल्या पेशंटना आठवड्यातून दोन-तीनदा जिल्ह्याच्या गावी जावं लागतं, दर वेळी चार तास मशीनवर, येण्याजाण्यात अख्खा दिवस मोडतो, सोबतच्या माणसाचा रोज बुडतो तो वेगळाच. नुसतं मशीन घेऊन भागत नाही, एका सेशनला शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं म्हणजे आरओ प्लांट पण आला. सगळं धरून टार्गेट १२ लाख.

देणग्या दोन तऱ्हेने घेतल्या होत्या. एक म्हणजे सरळ रक्कम. दुसरी किलोमीटरमागे, म्हणजे अमुक रायडरने जेवढे किलोमीटर सायकलवर केले त्याला गुणिले दोन रुपये, पाच रुपये, काय जमेल ते. ही आयडिया आयोजक सरांची आणि ती जोरात चालली, कारण लोकांना त्यात मजा येते, रोज संध्याकाळी स्ट्राव्हाचा, म्हणजे किलोमीटर मोजणाऱ्या ॲपचा, स्क्रीनशॉट ग्रुपवर पडतो, लोक थम्ब देतात, आणि आकडा वाढताना दिसतो. सगळ्यात मोठा आकडा काकांच्या नावावर होता. काका म्हणजे ५८ वर्षांचे, नुकतेच एका कंपनीतून मोठ्या पदावरून रिटायर झालेले, आणि त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी मिळून किलोमीटरला २५० रुपये लावले होते. साडेसहाशे गुणिले अडीचशे करून बघा, १ लाख ६२ हजार ५००. हा आकडा काकांना तोंडपाठ होता, आम्हाला पण.

निघायच्या आधीच झालेल्या तीन गोष्टी

अडचण तिसऱ्या दिवशी आली असं सगळे म्हणतात, मला ते पटत नाही. तिचं बी पुण्यातल्या मीटिंगमध्येच पडलं होतं.

पहिली गोष्ट रस्ता. कोल्हापूर-आंबोलीने गेलो असतो तर हायवेला थोड्या थोड्या अंतरावर दवाखाने, मोबाईलला रेंज, गाडी कायम रायडरच्या मागे. किनाऱ्याच्या रस्त्याला मधेमधे खाड्या आडव्या येतात आणि फेरीबोटीने पार करायच्या, बागमांडला-वेशवीला सावित्री, दाभोळ-धोपाव्याला वाशिष्ठी, तवसाळ-जयगडला शास्त्री. बोट चुकली तर वळसा शंभर किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी किनारा निवडला कारण फोटो. हायवेवर ट्रकच्या मागे सायकल चालवतानाचे फोटो बघून देणगी कोण देणार, असं सर म्हणाले आणि खरं सांगायचं तर मी पण मान डोलावली.

दुसरी गोष्ट गाडी. सुरुवातीच्या बजेटमध्ये दोन गाड्या होत्या. दुसरीचा सहा दिवसांचा खर्च ३० हजाराच्या आसपास येत होता. एका देणगीदाराने विचारलं की आमचे पैसे पेशंटसाठी की तुमच्या डिझेलसाठी. प्रश्न चुकीचा नव्हता पण त्याचं उत्तर असं दिलं गेलं की दुसरी गाडी कॅन्सल. वास्तविक खर्च आम्ही देणगीतून करतच नव्हतो, रायडरच्या एंट्री फीमधून करत होतो, ते नीट समजावून सांगितलं असतं तरी चाललं असतं. कोणी सांगत बसलं नाही.

तिसरी गोष्ट फॉर्म. हेल्थ फॉर्म मीच बनवला होता, त्यामुळे ही चूक माझ्या खात्यावर. त्यात प्रश्न होता "काही आजार? चालू औषधं?" काकांनी लिहिलं, "बीपी. गोळी चालू आहे." मी वाचलं, टिक केली, पुढे गेलो. कुठली गोळी हे विचारायचं सुचलंच नाही. बीपीची गोळी म्हणजे बीपीची गोळी, पन्नाशीनंतर निम्म्या महाराष्ट्राला असते असं माझ्या डोक्यात.

अडचण कशी वाढत गेली

२६ जानेवारी गुरुवारी आला होता, लोकांनी शुक्रवारची सुट्टी टाकून चार दिवस जोडले आणि अख्खं पुणं-मुंबई कोकणात उतरलं. हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं, कारण आम्ही पण तीच जोडून सुट्टी बघून तारीख ठरवली होती ना.

पहिल्या दिवशी माणगावच्या पुढच्या चढांवर काकांना क्रॅम्प आले. मांडीत गोळा, सायकलवरून उतरून रस्त्याच्या कडेला बसले. सगळ्यांनी एकच सल्ला दिला, काका पाणी कमी पडतंय, पाणी पीत राहा. काका शिस्तीचे माणूस, एकदा सांगितलं की सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दर थांब्याला पाऊण लिटरची बाटली रिकामी करून माझ्या हातात द्यायची, मी भरून द्यायची. मी तर बाकीच्या रायडरना त्यांचं उदाहरण देत होतो, बघा काकांकडून शिका. ओआरएस दिलं तर नको म्हणाले, गोड लागतं, आणि मीठ बीपीमुळे घरीच बंद केलेलं. खारे शेंगदाणे पुढे केले तर त्यावरचं मीठ झटकून खाल्ले, हे मला स्पष्ट आठवतं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी २८ ला, सकाळी कर्द्याला नाश्त्याच्या वेळी बोटातली अंगठी फिरवायला बघत होते, फिरत नव्हती. "कोकणचं पाणी मानवलं, जाड झालो दोन दिवसांत," असं म्हणून हसले, आम्ही पण हसलो. आता कळतं की सगळी गोष्ट त्या अंगठीतच होती.

साडेनऊच्या सुमाराला दाभोळ जेट्टी. सायकली पहिल्याच बोटीत चढल्या, बोटवाले सायकलींना अडवत नाहीत, कडेला लावून टाकतात. आमची गाडी मात्र रांगेत वीस-पंचवीस कारच्या मागे. खाडी जेमतेम दहा-पंधरा मिनिटांची, पण बोटीत बसतात मोजक्या गाड्या, आणि त्यात एक मिनी बस आडवी-तिडवी चढवण्यात अर्धा तास गेला. पलीकडे धोपाव्याला उतरलेल्या रायडरनी काय करायचं हा खरा पहिला निर्णयाचा क्षण. थांबायचं की निघायचं. पुढचा ग्रुप लीडर म्हणाला उन्हाच्या आत जेवढं होईल तेवढं कापू, गाडी येईलच मागून, गुहागरला भेटू. निघाले. आम्ही खाडी ओलांडली तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते, आणि जरा पुढे गेलो तर एका रायडरचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा भाग सायकलला धरून ठेवणारी पट्टी, मोडून चाकात गेलेला. तिथे पाऊण तास. पोराने चेन छोटी करून सायकल सिंगल स्पीड करून दिली, कामाचा पोरगा आहे तो, पण तेवढ्या वेळात पुढची मंडळी गुहागर सोडून गेली, कारण जेवण हेदवीला सांगितलेलं होतं आणि पोटात कावळे.

थोडक्यात, साडेनऊपासून दुपारपर्यंत १४ पैकी १३ रायडर गाडीशिवाय होते. प्रत्येकाला वाटत होतं गाडी दोन वळणं मागे आहे.

वेळणेश्वर सोडल्यावर रस्ता परत चढतो. हा पट्टा ज्यांनी सायकलने केलाय त्यांना माहीत आहे, गाव समुद्राला टेकलेलं, रस्ता सड्यावर म्हणजे वरच्या पठारावर, त्यामुळे दर गावाला उतरा आणि परत तेवढंच चढा. तिथे सव्वाच्या सुमाराला काकांना उलटी झाली. सोबत दोघं जण होते, आयटीतली एक मुलगी आणि एक डॉक्टर. डॉक्टर होते, पण दातांचे, आणि हे तेच आधी सांगतात. काका म्हणाले ऊन लागलं. ऊन तसं फार नव्हतं, ३२-३३ असेल, पण दमट. काजूच्या झाडाखाली बसवलं आणि त्या दोघांनी कुणीही केलं असतं तेच केलं, अजून एक बाटली पाणी पाजलं, वर ग्लुकोजची पावडर घालून. तीही उलटून पडली. मग डोकं दुखतंय म्हणाले. फोनला रेंज नाही. मुलगी सायकल काढून चढ संपेपर्यंत वर गेली, तिथे एक काडी रेंज मिळाली आणि १ वाजून ४० मिनिटांनी मला फोन आला.

आम्ही पोचलो २:२० ला.

समोर काय दिसलं आणि काय पर्याय होते

काका झाडाला टेकून बसलेले. अंगाला हात लावला, तापलेलं नव्हतं, घाम येत होता. मी विचारलं काका कसं वाटतंय, तर म्हणाले, "तू आलास का रे," आणि मला त्यांच्या मुलाच्या नावाने हाक मारली. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं थकलेत.

आणि मग मी म्हटलं, चला काका, गाडीत बसा.

नाही म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता पण नाही म्हणजे नाही. "गाडीत बसलो की मीटर बंद. अर्धा तास दे, मी येतो." आम्ही समजावलं, की काका आज बसा, उद्या परत चालवा. तर आकडे सांगायला लागले, अजून एवढे किलोमीटर, एवढे गुणिले अडीचशे, आणि तो गुणाकार दोनदा चुकला. जो माणूस आयुष्यभर लोकांच्या बॅलन्सशीट तपासत होता त्याचा गुणाकार चुकतोय, यावरून तरी माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. मी सरांना फोन लावायला वर चढावर गेलो. सर पुढे होते, तवसाळच्या अलीकडे. ते म्हणाले, "त्यांना विचार, त्यांची इच्छा काय आहे. जबरदस्ती नको करायला, मोठे आहेत." परत खाली आलो. या सगळ्यात २५ मिनिटं गेली.

तेव्हा आमच्यासमोर जे पर्याय होते ते असे. सावलीत बसवून वाट बघायची, बरं वाटलं तर हळूहळू हेदवीपर्यंत. किंवा गाडीत घालून पुढे तवसाळ, तिथून बोटीने जयगड, आणि मग रत्नागिरी, म्हणजे मोठं शहर, मोठे दवाखाने, शिवाय मुक्कामाच्या दिशेने, पण बोटीची रांग परत किती असेल याचा भरवसा नाही, सकाळीच अनुभव घेतला होता. किंवा मागे गुहागर, वीसेक किलोमीटर, तिथे प्राथमिक उपचार आणि गरज पडली तर पुढे चिपळूण, जे अजून ४५ किलोमीटर. किंवा १०८ ला फोन.

मला पुढे जायचं होतं. कबूल करतो, डोक्यात हिशोब होता की गाडी मागे नेली तर बाकी १३ जण संध्याकाळपर्यंत बिनगाडीचे, आणि सगळ्यांच्या बॅगा आमच्या हौद्यात. मामा म्हणाले, "साहेब, पेशंट घेऊन बोटीच्या रांगेत उभं राहायचं नसतं." मामांनी पूर्वी वीस वर्षं वडाप म्हणजे गावोगावची सीटवर भाड्याची जीप चालवलेली, अडलेल्या बायका, साप चावलेली माणसं, सगळं नेलेलं. त्यांच्या या एका वाक्याने तो पर्याय संपला. मोठ्या दवाखान्याकडे जाण्यापेक्षा जिथे वाटेत खाडी आडवी येत नाही त्या दवाखान्याकडे जा, इतकं साधं ते होतं.

काय केलं

निर्णय शेवटी ताईंनी घेतला. त्या काकांना काही विचारत बसल्या नाहीत. सरळ जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुमची सायकल पोरगा चालवत आणतोय, मीटर चालू आहे. तुम्ही माझ्याबरोबर चला, मला एकटीला भीती वाटते." खोटं होतं सगळं. काका उठले आणि गाडीत बसले. मी पंचवीस मिनिटं लॉजिक लढवत होतो.

मी वर चढावर जाऊन १०८ लावला, त्यांनी सांगितलं तुम्ही गुहागरच्या दिशेने निघा, अँब्युलन्स समोरून येईल, म्हणजे वेळ वाचेल. पालशेतच्या अलीकडे भेटली. १०८ मध्ये डॉक्टर असतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, किती पाणी प्यायले, आणि दुसरा, बीपीची गोळी कुठली. पहिल्याचं उत्तर मी अभिमानाने द्यावं तसं दिलं, सकाळपासून सात-आठ बाटल्या. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काकांच्या घरी फोन करून काकूंना विचारलं, त्यांनी कपाटातली पट्टी काढून स्पेलिंग वाचून दाखवलं, टेल्मीसार्टन आणि सोबत हायड्रोक्लोरोथायझाइड. डॉक्टर म्हणाले आता पाणी एक थेंब द्यायचं नाही.

ते तेव्हा समजलं नाही, नंतर समजावून सांगितलं गेलं. घामातून मीठ जातं. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. काकांच्या गोळीतला दुसरा घटक लघवीवाटे सोडियम बाहेर काढणारा, म्हणजे तिकडूनही गळती. आणि जेवणात मीठ कमी. तिन्ही बाजूंनी एकच गोष्ट. याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, मग बरळणं, आणि पुढे गेलं तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. बाहेरून बघताना ऊन लागल्यासारखंच दिसतं, म्हणून माणूस अजून पाणी पाजतो आणि अजून बिघडतं. आम्ही नेमकं तेच केलं होतं.

गुहागरला तपासून लगेच चिपळूणला पाठवलं. तिथे रक्त तपासलं, सोडियम १२२. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. आयसीयूमध्ये जास्त मिठाचं सलाईन अगदी हळू सोडलं, हळू यासाठी की सोडियम एकदम वर नेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. रविवारी सकाळी काकांनी मला माझ्या नावाने हाक मारली. पहिला प्रश्न, "कालचे किती झाले?"

त्या रात्रीचा दुसरा निर्णय

इकडे बाकीचे १३ जण अंधार पडता पडता गणपतीपुळ्याला पोचले, अंगावरच्या कपड्यांनिशी, कारण बॅगा चिपळूणच्या पार्किंगमध्ये. हॉटेलवाल्याने टॉवेल आणि लुंग्या दिल्या, तो प्रकार नंतर विनोदाचा झाला पण त्या रात्री कोणी हसत नव्हतं. मीटिंग झाली, मी फोनवर.

तीन मतं पडली. काही जण म्हणाले इथेच थांबवू, माणूस आयसीयूत आणि आपण काय बीचवर सायकली चालवायच्या. काही म्हणाले सकाळी निघू, आपापलं सामान पाठीवर घेऊ, नाहीतर गोव्याचं सगळं बुकिंग वाया, आणि देणगीदारांना शब्द दिलाय. या दुसऱ्या गटाचा मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं त्यांनाही तोच रोग होता जो काकांना होता, आणि आम्हालाही होता.

तिसरं मत दातांच्या डॉक्टरांचं, ते सगळ्यात कमी बोलले. म्हणाले, रविवार थांबू, स्थानिक गाडी भाड्याने घेऊ, आणि गोव्याला जाऊच नये, मालवणला संपवू. गाडी नसेल त्या दिवशी सायकल बाहेर काढायची नाही. हेच ठरलं. सरांना गोवा सोडवत नव्हता, बॅनरवर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं ना. दोन जणांची सुट्टी संपली म्हणून ते बसने परत गेले. उरलेले ११ सोमवारी देवगडला आणि मंगळवारी मालवणला पोचले. बॅनर हौद्यातच गुंडाळून राहिला.

निकाल

काका दवाखान्यात दाखल झाल्यापासून चौथ्या दिवशी घरी गेले. गोळी बदलली, आता ठीक आहेत. बिल मेडिक्लेममधून निघालं. आम्ही ग्रुपची जी अपघात पॉलिसी काढायचा विचार करत होतो ती काढली असती तरी इथे उपयोग झाला नसता, कारण हा अपघात नव्हता, आजार होता. ही गोष्ट कोणी राईड प्लॅन करत असेल तर आधी वाचून घ्या, बहुतेकांना हा फरक माहीतच नसतो.

पैशांचं काय झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी भीती त्याचीच होती. काकांच्या जुन्या सहकाऱ्यांना आम्ही फोन केला आणि काय झालं ते सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग एक जण म्हणाले, "अहो वेडे आहात का, आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं होतं की पूर्ण रक्कम देऊन टाकायची. किलोमीटर नुसतं त्यांना चिडवायला होतं." म्हणजे ज्या आकड्यासाठी काका झाडाखालून उठायला तयार नव्हते तो आकडा आधीच पक्का होता. कोणी विचारलंच नव्हतं.

सगळे असे निघाले नाहीत. एका दुसऱ्या रायडरच्या देणगीदाराने मालवणपर्यंतच्या किलोमीटरचेच पैसे दिले, वर गोव्याचं आश्वासन होतं म्हणून दोन कडक मेसेज. त्याचंही एका अर्थी बरोबर, हिशोब तसाच ठरला होता. काही जणांनी दिलेच नाहीत, राईडनंतर महिनाभराने आठवण करून द्यायला लाज वाटते आणि समोरचा विसरून जातो. १२ पैकी १० लाख ४० हजार जमले. मशीन आलं, आरओ प्लांटचे उरलेले पैसे ट्रस्टने दुसरीकडून उभे केले, त्यामुळे सुरू व्हायला उशीर झाला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, गाडीत बसा म्हणायचा अधिकार कोणाकडे आहे हे ठरलेलं नव्हतं. आम्ही सपोर्टवाले म्हणजे सामान वाहणारे. रायडर ऐकतो कोणाचं, तर ग्रुप लीडरचं, आणि लीडर असतो दहा किलोमीटर पुढे, रेंजच्या बाहेर. जो माणूस पेशंटसमोर उभा आहे त्याचा शब्द शेवटचा, हे निघायच्या आधी सगळ्यांकडून सही घेऊन ठरवायला हवं होतं. आणि जो बरळतोय त्याची इच्छा काय हे विचारायचंच नसतं. आता हे लिहिताना सोपं वाटतं, पण मी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाचं बखोट धरून त्याला गाडीत घातलं असतं का? कागद असता तर कदाचित. ताईंसारखं खोटं बोलणं मला तरीही सुचलं नसतं.

किलोमीटरमागे देणगी हा प्रकार बंद करावा असं माझं मत. सर म्हणतात त्यात जास्त पैसे येतात आणि ते खरं आहे. पण त्याने रायडरच्या शरीराला मीटर लागतो. मधला मार्ग म्हणून रक्कम आधीच ठरवून घ्यायची आणि किलोमीटर फक्त गंमत म्हणून ग्रुपवर टाकायचे, आणि हे रायडरला पण माहीत पाहिजे, नाहीतर उपयोग नाही.

खाडीबद्दल एकच नियम पुरला असता. गाडी खाडी ओलांडत नाही तोवर कोणी पुढे जायचं नाही. दीड-दोन तास गेले असते, धोपाव्याच्या धक्क्यावर बसून चहा प्यायला असता. जोडून सुट्टीच्या दिवसांत तर गाडी पहाटेच्या पहिल्या बोटीने पलीकडे पाठवून ठेवायला पाहिजे. दुसरी छोटी गाडी असती तर हँगरवाल्याजवळ एक आणि पुढे एक, एवढं साधं.

पाण्याचं म्हणाल तर तहान लागेल तेवढं प्या, घड्याळ लावून पिऊ नका, आणि सोबत मीठ पोटात जाऊ द्या, लिंबू-मीठ-साखर, ताक, पेजेबरोबर लोणचं, ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. ज्यांना मीठ बंद आहे किंवा बीपीची गोळी आहे त्यांनी डॉक्टरांना आधी विचारून यायचं, आमच्यासारख्या केळीवाल्यांचा सल्ला घ्यायचा नाही. फॉर्ममध्ये आता गोळीच्या पट्टीचा फोटो मागतो. एक वजनकाटा पण घेतलाय, रोज सकाळी सगळे उभे राहतात, आदल्या दिवसापेक्षा वजन वाढलेलं दिसलं तर विचारायचं, कारण पाच-सहा तास सायकल हाणून वजन वाढत असेल तर ते पाणी असतं. यावरून खूप थट्टा होते. होऊ दे.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. सर म्हणतात तू पहिल्या दिवशी पाणी पाजलंस ही चूक नाहीच, सगळे तेच करतात. डॉक्टर म्हणाले नुसत्या पाण्याने झालं असतंच असं नाही, गोळी नसती तर कदाचित निभावलं असतं. पण ज्या बाटल्या मी भरल्या त्या मोजून मला तोंडपाठ आहेत.

२०२४ च्या जानेवारीत परत राईड झाली, या वेळी ठरलेल्या रकमेची पद्धत ठेवली. साडेसात लाख जमले, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा जवळपास तीन लाख कमी. हिशोबाच्या मीटिंगमध्ये सरांनी तो आकडा फळ्यावर लिहिला आणि माझ्याकडे बघितलं. काका मागच्या रांगेत बसले होते. ते म्हणाले, "दुसऱ्या गाडीचं भाडं पण लिहा ना त्याच्या शेजारी," आणि मग त्यावर बराच वेळ वाद चालला.